पाटीवरचा जन्म : जे. जे.च्या आवारातील एका घराची चिकित्सा

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटसमोर, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात, झाडांच्या गर्दीत एक जुना बंगला आहे. लाकडी काम भरपूर, उतरते छप्पर, पुढे व्हरांडा. इंग्रजीत लिहिणारे कुणी त्याला बंगला म्हणतात, कुणी कॉटेज. बाहेर रस्त्यावर बस, टॅक्सी आणि हातगाड्यांचा गोंगाट चालू असतो. फाटकातून पन्नास पावले आत गेले की तो गोंगाट उतरतो आणि कावळ्यांचा आवाज ऐकू येऊ लागतो. या घरापाशी रुडयार्ड किपलिंगचा एक अर्धपुतळा आहे आणि एक पाटी आहे. ३० डिसेंबर १८६५ रोजी किपलिंग येथे जन्मला, असे ती पाटी इंग्रजीत सांगते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी मुंबईतल्या जुन्या घरांवर एक लेख लिहिला होता. त्यात या बंगल्यावर एक परिच्छेद होता आणि त्यात मी ठामपणे म्हटले होते की याच छपराखाली ‘जंगल बुक’च्या लेखकाने पहिला श्वास घेतला. लेख छापून आल्यावर महिन्याभराने एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. मजकूर दोनच ओळींचा होता. बंगला १८८२ सालचा आहे. १८६५ साली जन्मलेले मूल त्यात कसे जन्मले, हे कृपया कळवावे. खालची सही मला लागली नाही.

माझे सगळे आयुष्य छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेले. विद्यापीठाची पायरी मी चढलो नाही. जे थोडेफार वाचले ते मुद्रिते वाचता वाचता आणि रविवारी ग्रंथालयात बसून. दुसऱ्याच्या चुका काढणे हे माझे पोटापाण्याचे काम. आणि मी स्वतः एका पाटीवर भरवसा ठेवून सतरा वर्षांचा घोळ घातला होता. पाटी लोखंडाची असो की दगडाची, तोही एक मजकूरच असतो. त्याचेही मुद्रित तपासावे लागते, हे मला त्या पोस्टकार्डाने शिकवले. हा लेख म्हणजे त्या वाचकाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

तारखांचा हिशेब

आधी साधा कालक्रम मांडू. सर जमशेटजी जिजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मार्च १८५७ मध्ये ही कलाशाळा सुरू झाली. तिचे पहिले वर्ग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये भरले. १८६५ मध्ये जॉन लॉकवूड किपलिंग वास्तुशिल्पाचे प्राध्यापक म्हणून मुंबईत आले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचे अॅलिस मॅकडोनाल्ड यांच्याशी लग्न झाले होते. त्याच सुमारास जॉन ग्रिफिथ्स सजावटी चित्रकलेसाठी आणि मायकेल हिगिन्स लोखंडी नक्षीकामासाठी शाळेत आले.

ही माणसे आली ते वर्ष मुंबईच्या दृष्टीने मोठे विचित्र होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. ते युद्ध १८६५ मध्ये संपले आणि भाव कोसळले. बँका बुडाल्या, समुद्र भरून काढण्यासाठी निघालेल्या कंपन्यांचे कागद रद्दीच्या मोलाचे झाले. सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत फोर्टचा तट पाडला गेला होता आणि एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानावर नवे शहर उभे राहायचे होते. या मोकळ्या, अर्धवट शहरात डिसेंबरच्या शेवटी रुडयार्डचा जन्म झाला.

आज पाहुण्याला दिसणारी शाळेची दगडी इमारत १८७८ ची आहे. लॉकवूड किपलिंग तर १८७५ मध्येच लाहोरला गेले, तिथल्या मेयो कलाशाळेचे प्रमुख आणि संग्रहालयाचे व्यवस्थापक म्हणून. शाळेची आजची इमारत पुरी झाली तेव्हा किपलिंग कुटुंब मुंबईत नव्हते. बंगला तर त्यानंतरचा, १८८२ चा. या क्रमात पाटीवरच्या ‘येथे’ या शब्दाचा अर्थ ‘या घरात’ असा लावायला जागाच राहत नाही. फार तर ‘या परिसरात कुठेतरी’ एवढाच अर्थ निघतो.

याच १८८२ सालाची आणखी एक नोंद आहे. इंग्लंडमधले शिक्षण आटोपून सोळा वर्षांचा रुडयार्ड ऑक्टोबर १८८२ मध्ये मुंबईच्या बंदरावर उतरला आणि पुढे लाहोरला आईवडिलांकडे गेला. ज्या घराला आज त्याचे जन्मघर म्हणतात ते घर आणि परतलेला तो पोरगा, दोघांनी मुंबईत एकाच वर्षी पाऊल टाकले. उतरल्यावर ओळखीचे वास आणि दृश्ये भेटताच आपल्या तोंडून इथल्या भाषेतली वाक्ये आपोआप निघू लागली, पण त्यांचा अर्थ आपल्याला कळत नव्हता, अशी आठवण त्याने पुढे लिहिली आहे. घर आठवल्याचे मात्र तो सांगत नाही. त्याला आठवली ती भाषा.

म्हाताऱ्याची आठवण, मुलाचे घर

किपलिंगने ‘समथिंग ऑफ मायसेल्फ’ हे आत्मचरित्र १९३५ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर लिहायला घेतले. जानेवारी १९३६ मध्ये तो वारला आणि पुस्तक १९३७ मध्ये आले. मुंबईची पाने त्यात थोडीच आहेत, पण घराच्या इतिहासकाराने ती सावकाश वाचावीत अशी आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे त्या पानांत घराचे वर्णन जवळजवळ नाही. एस्प्लनेडवरचे लहानसे घर, एवढीच त्याची ओळख. खोल्या किती, जिना होता का, व्हरांडा कुठल्या बाजूला, यातले काही नाही. आहे ते घराबाहेरचे. पहाटेचा फळबाजार, तिथले रंग. संध्याकाळचे समुद्राकाठचे फिरणे, ताडामाडांची सावली.

दुसरी गोष्ट म्हणजे ही आठवण नकाशावर ठेवून पाहिली तर ती जागोजागी हलते. घराजवळच पारशांचे दखमे होते, असे तो लिहितो, आणि गिधाडाच्या चोचीतून बागेत पडलेल्या लहान मुलाच्या हाताची भयंकर गोष्टही सांगतो. दखमे मलबार हिलवर आहेत. एस्प्लनेडपासून ते अंतर तीन-चार किलोमीटर भरेल. गिधाडाला ते अंतर काहीच नाही, हे खरे. पण पाच वर्षांच्या मुलाच्या मनात डोंगरावरचा दखमा आणि दारातली बाग शेजारी शेजारी येऊन बसले आहेत. किपलिंग खोटे बोलतो असे मी म्हणत नाही. पासष्ट वर्षांनी आठवलेले बालपण असेच असते. माझ्या आजोळची विहीर माझ्या आठवणीत ओसरीला लागून आहे. प्रत्यक्षात ती दोन शेते पलीकडे होती. म्हणून आठवणीचा पुरावा घराची जागा ठरवायला चालत नाही. घरात कोण माणसे होती हे ठरवायला मात्र तो चालतो.

आणि ती माणसे त्या पानांत आहेत. एक आया. तिला तो पोर्तुगीज रोमन कॅथलिक म्हणतो. वाटेवरच्या क्रूसापाशी ती प्रार्थना करी आणि हा पोर तिच्या बाजूला उभा असे. दुसरा मीटा नावाचा हिंदू नोकर. तो त्याला लहान देवळांत घेऊन जाई आणि हात धरून आतले देव दाखवी. दुपारी झोपण्यापूर्वी ही माणसे मुलांना गोष्टी आणि गाणी सांगत. मग मुलांना तयार करून जेवणघरात पाठवत आणि बजावत की आता आईबाबांशी इंग्रजीत बोला. किपलिंग सांगतो की तो विचार इथल्या भाषेत करी आणि मग तिथे अडखळत इंग्रजी बोले.

या आयेजवळ जरा थांबले पाहिजे. पोर्तुगीज हा शब्द वाचून ती लिस्बनहून आली असेल असे कुणी समजू नये. त्या काळच्या मुंबईत गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती माणसांना आणि वसई-साष्टी-मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती माणसांनाही सरसकट पोर्तुगीज म्हणत. इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, त्याचे एक कारण हा गोंधळच होता. म्हणजे ती बाई मांडवीकाठची कोकणी बोलणारी असेल किंवा वांद्रे-वसईकडची, मराठीचीच एक बोली बोलणारी असेल. ‘पोर्तुगीज’ या एका शब्दाने तिचे गाव, भाषा आणि माणसे सगळीच पुसून टाकली. मीटाला निदान नाव मिळाले, तेही इंग्रजी कानाने ऐकलेले. आयेला नावही मिळाले नाही.

१८७१ मध्ये रुडयार्ड आणि त्याची धाकटी बहीण यांना इंग्लंडमध्ये साउथसी इथे एका परक्या कुटुंबात ठेवून आईवडील परत आले. ती वर्षे त्याला नरकासारखी गेली. मुंबईच्या आठवणी इतक्या उजळ का, याचे उत्तर इथे सापडते. पुढे आलेल्या अंधारामुळे मागचा उजेड वाढला आणि त्या उजेडात आई-बापांपेक्षा आया आणि मीटा अधिक जवळ उभे दिसतात. ‘किम’मधला गोऱ्या रक्ताचा पोर रस्त्यावरची भाषा साहेबांच्या भाषेपेक्षा सहज बोलतो. त्या पोराची मुळे शोधणाऱ्याने लाहोरबरोबर मुंबईच्या या फळबाजाराकडेही पाहावे.

हा बाजार कुठला, याचा अंदाज बांधता येतो. क्रॉफर्ड मार्केटची इमारत १८६९ मध्ये उभी राहिली, तेव्हा रुडयार्ड चौथ्या वर्षात होता. तिच्या प्रवेशद्वारांवरची उठावशिल्पे लॉकवूड किपलिंग यांची. आज महात्मा जोतिबा फुले मंडई असे तिचे नाव आहे आणि रस्ता ओलांडला की ती शिल्पे दिसतात. किपलिंग बाप-लेकाची खरी, हात लावून पाहता येईल अशी खूण या परिसरात शोधायची तर ती बंगल्यात नाही, या मंडईच्या दारावर आहे. तिथे पाटी वाचायला कुणी थांबत नाही; लोक भाजी-फळे घेऊन पुढे जातात.

घर ज्यांचे होते

मग १८८२ मध्ये बांधलेले हे घर कुणाचे? बांधले तेव्हा शाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स होते आणि पुढे कित्येक वर्षे ते संस्थेच्या अधिष्ठात्यांचे निवासस्थान राहिले. म्हणजे या घराचा इतिहास हा एका जन्माचा इतिहास नसून एका पदाचा आणि त्या पदाभोवती शिकलेल्या, राबलेल्या माणसांचा इतिहास आहे.

ग्रिफिथ्स यांचे नाव अजिंठ्याशी जोडलेले आहे. १८७२ पासून १८८५ पर्यंत ते शाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन हंगामामागून हंगाम अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेत. अंधाऱ्या लेण्यांत उभे राहून त्या रेषा उतरवणारे हात मुंबईच्या मुलांचे होते. पेस्तनजी बोमनजी त्यांपैकी एक. प्रतिकृती लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत त्यांतल्या पुष्कळशा जळाल्या. त्या कामावरचे दोन खंड १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांच्या नावाने निघाले. बंगला बांधला गेला तो याच कामाच्या वर्षांत. अजिंठ्याच्या रेषेचा आधुनिक भारतीय चित्रकलेवर जो परिणाम झाला तो मोजायचा तर १८८२ चे हे आवार त्यातला एक महत्त्वाचा मुक्काम आहे. पाटीला त्याचा पत्ता नाही.

ग्रिफिथ्स १८९५ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्यानंतरच्या प्रमुखांत सेसिल बर्न्स आले, ग्लॅडस्टन सॉलोमन आले, चार्ल्स जेरार्ड आले. सॉलोमन यांनी भित्तिचित्रांचा वर्ग काढला आणि विद्यार्थ्यांची कामे नव्या दिल्लीच्या सचिवालयापर्यंत नेली. जेरार्ड यांच्या काळात युरोपातल्या नव्या चित्रकलेचे वारे वर्गात शिरले. त्याच काळात, १९४५ मध्ये, गोव्याच्या सालिगावात जन्मलेला फ्रान्सिस न्यूटन सूझा शाळेतून काढला गेला आणि दोन वर्षांनी त्याने सोबत्यांबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. पुढे भारतीय प्रमुख आले. १९६८ ते १९७५ या काळात विदर्भातल्या साकोलीहून आलेले शंकर पळशीकर अधिष्ठाता होते. साहेबासाठी राखलेल्या पदावर साकोलीचा माणूस बसतो, ही घटना एखाद्या जन्माइतकी तरी महत्त्वाची मानायला हरकत नसावी.

पण या आवाराचा खरा चरित्रकार या यादीत कायमचा कधीच बसला नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये कोल्हापूरहून या शाळेत आले. १८९५ मध्ये त्यांनी बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळवले आणि १८९६ पासून ते इथेच शिकवू लागले. १९३० मध्ये त्यांना संचालकपद मिळाले, तेही काही काळापुरते, हंगामी. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. १९४० मध्ये त्यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक आले.

आता ही दोन आत्मचरित्रे शेजारी ठेवून पाहा. किपलिंग १८६५ चा, धुरंधर १८६७ चे. एकाचे पुस्तक १९३७ चे, दुसऱ्याचे १९४० चे. दोघांनीही म्हातारपणी मागे वळून पाहिले आहे. किपलिंगची इथली वर्षे जेमतेम पाच, त्यातलेही काही महिने इंग्लंडच्या सफरीत गेले. धुरंधरांची एकेचाळीस. किपलिंगला आठवते ते आवाराबाहेरचे शहर आणि हरवलेली भाषा. धुरंधर लिहितात आवाराच्या आतले, विद्यार्थी म्हणून आणि शिक्षक म्हणून पाहिलेले. आणि ते मराठीत लिहितात. ज्या भाषेत बोलण्यापासून किपलिंगच्या घरात मुलांना जेवणघराच्या दारात थांबवले जाई, निदान तिच्या शेजारपाजारच्या भाषेत या आवाराचा पहिला मोठा आतला वृत्तांत लिहिला गेला. धुरंधरांची कन्या अंबिका याच शाळेतून १९३१ मध्ये उत्तीर्ण झाली आणि तिनेही ‘माझी स्मरणचित्रे’ लिहून ठेवली.

धुरंधरांनी शहर पाहिले नाही असेही नाही. एस. एम. एडवर्ड्स यांच्या १९१२ मधल्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकातली चित्रे त्यांची आहेत. मुंबईतल्या माणसांची त्यांची चित्रे पोस्टकार्डांवर छापून देशोदेशी गेली. किपलिंगने आठवणीत जपलेला रस्ता धुरंधरांनी पेन्सिलीने उतरवला. फरक एवढाच की धुरंधरांच्या रस्त्यावरचा माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या धंद्याचा, पागोटे कोणत्या घाटाचे, हे सारे चित्रात कळते. आयेला ‘पोर्तुगीज’ म्हणून सोडून दिले जाते तसे तिथे होत नाही.

दोन वाचने, दोन्ही अपुरी

या घराचे काय करावे, यावर गेली काही वर्षे वर्तमानपत्रांत चर्चा झाली आहे. एक बाजू म्हणते, किपलिंगचे संग्रहालय करा, परदेशी पाहुणे येतील. दुसरी बाजू म्हणते, ‘गोऱ्या माणसाचे ओझे’ लिहिणाऱ्या, जालियनवाला बागेनंतर डायरसाठी जमवलेल्या निधीला पाठिंबा देणाऱ्या माणसाचे स्मारक आम्ही का करायचे? दुसऱ्या बाजूचा राग मला समजतो. त्यातली तथ्ये खरी आहेत. पण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता मान्य केली आहे, ती म्हणजे हे घर किपलिंगचे आहे. एकाला त्याची पूजा करायची आहे, दुसऱ्याला त्याला घराबाहेर काढायचे आहे. जो माणूस या घरात जन्मलाच नाही त्याला बाहेर काढण्याचा प्रश्न येतो कुठे?

स्वतः किपलिंग या बाबतीत आपल्यापेक्षा नेमका होता. ‘द सेव्हन सीज’ या १८९६ मधल्या संग्रहात त्याने मुंबई शहराला उद्देशून अर्पण-कविता लिहिली. आपण या शहरात जन्मलो याचा अभिमान त्यात आहे. माड, समुद्र, बंदरातल्या आगबोटी आहेत. घराचा उल्लेख नाही. त्याने जन्माचे श्रेय शहराला दिले. घर त्याच्या माथी आपण मारले, आणि मी त्या मारणाऱ्यांतला एक होतो.

पाटी काढून टाका असे मी म्हणणार नाही. पाट्या उखडल्याने इतिहास दुरुस्त होत नाही. पण मुद्रितशोधक म्हणून माझ्या हाती लाल शाई आली तर मी समासात चार दुरुस्त्या करीन. ‘येथे’ खोडून ‘या परिसरात’. त्याखाली, हे घर १८८२ मध्ये बांधले गेले आणि कलाशाळेच्या प्रमुखांचे निवासस्थान होते. त्याखाली, अजिंठ्याच्या प्रतिकृती करणारे विद्यार्थी आणि एकेचाळीस वर्षे या आवारात घालवून तिची कथा मराठीत लिहिणारे म. वि. धुरंधर. आणि शेवटी, एक आया, जिचे नाव लिहून ठेवले गेले नाही, आणि मीटा, ज्यांनी एका मुलाला या शहराची भाषा शिकवली. हे सारे मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही भाषांत असावे.

गेल्या पावसाळ्यात मी पुन्हा त्या आवारात गेलो होतो. कागद-पेन्सिल घेऊन दोन विद्यार्थिनी झाडाखाली बसल्या होत्या. एक बंगल्याचे छप्पर रेखाटत होती. मी विचारले, “हे घर कुणाचं, ठाऊक आहे का?” ती वर न बघता म्हणाली, “काका, आमच्या कॉलेजचं.” मी पंधरा वर्षांपूर्वी लिहिले त्यापेक्षा हे उत्तर कितीतरी बरोबर होते. ते पोस्टकार्ड पाठवणारे वाचक हा अंक वाचत असतील तर त्यांनी ते माझे उत्तर समजावे.